शंभर शब्दांच्या आत

शतशब्दकथा लिहायला बसलं की पहिली कात्री विशेषणांना लागते. ‘निळसर उदास संध्याकाळ’ची नुसती संध्याकाळ होते, मग तीही जाते आणि कथेचं काही अडत नाही. आपली भाषा किती काटकसरी आहे, हे मला या प्रकाराने शिकवलं. ‘आली’ म्हटलं की येणारी बाई, हे वेगळं सांगावं लागत नाही. ‘जाऊबाई’ एवढं लिहिलं की दोन भाऊ, सासू, सामाईक स्वयंपाकघर, तिथली धुसफूस असं अख्खं घर उभं राहतं. रोज ‘अगं’ म्हणणारा नवरा एकदम ‘तुम्ही’ म्हणाला, तर भांडणाचं वर्णन कशाला हवं?

एवढी श्रीमंती हाताशी असताना स्पर्धांनी मात्र या कथेला धक्क्याची चटक लावली. बोलणारी व्यक्ती शेवटी मेलेली निघते, किंवा सगळं स्वप्न असतं. परीक्षकासमोर थप्पी असते. तीत आपली कथा उठून दिसावी, ही लिहिणाऱ्याची धडपड मला समजते. पण सगळेच धक्का देऊ लागले की वाचक सावध होतो आणि कथा सोडून शेवटाचा अंदाज बांधत बसतो. मिनिटभरात संपणारी गोष्ट पुन्हा वाचावीशी वाटली नाही, तर तिच्यापाशी उरतं काय?

उर्दू कथाकार मंटोच्या ‘सियाह हाशिये’मधल्या फाळणीच्या कथा १९४८ सालच्या. काही तर दोन-तीन ओळींत संपतात. शेवट तिथेही अंगावर येतो. पण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचतानाही येतो, कारण माणसं किती सहजपणे क्रूर होतात ते त्यात दिसतं. ग्वाटेमालाच्या आउगुस्तो मोंतेरोसोची डायनासोरची कथा १९५९ ची, मूळ स्पॅनिशमध्ये अवघ्या सात शब्दांची. जाग आली तेव्हा डायनासोर अजून तिथेच होता, एवढंच. जागं कोण झालं, कुठे झालं, काहीच सांगत नाही, आणि तरी वाचक तिच्यातून बाहेर पडत नाही.

स्पर्धेला कथा पाठवणाऱ्यांना माझं एक मनापासून सांगणं आहे. शेवटची ओळ झाकून कथा वाचून पाहा. तिच्यावाचून कथा उभी राहत असेल तर ती ओळ काढा आणि वाचलेले शब्द कथेतल्या माणसाला द्या. आयोजकांनीही निकालाची घाई करू नये. आठवडाभराने, कागद हातात न घेता, जी कथा परीक्षकाला आठवेल तिलाच पहिला क्रमांक द्यावा.