पहिली रायफल

"विकत कसली घेतां? घरींच जोडा!" शेजारचे वृद्ध स्नेही म्हणाले, आणि माझा ठरलेला बेत डळमळला. टेक्सासांत येऊन मला बारा वर्षें झालीं. इतके दिवस मैदानावर उसन्या रायफलीनें नेम धरला. आतां स्वतःची हवीशी झाली होती.

त्यांचें म्हणणें मोहक होतें. 'एआर-१५' जातीच्या रायफलींत घोडा ज्या खालच्या सांगाड्यांत बसतो, तोच येथील कायद्यानें बंदूक ठरतो. तेवढा क्रमांक कोरलेला सांगाडा परवानेवाल्या दुकानदाराकडून, ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरून घ्यावयाचा. नळी, दस्ता वगैरे टपालानेंहि येतें. जोडणाऱ्यास आपल्या हत्याराची नस न् नस ठाऊक होते, हेंहि खरेंच.

मला पुण्याच्या घरीं केलेला पहिला आकाशकंदील आठवला. तो एका बाजूस कलला होता. सारी आळी हंसली. मीं मात्र बाजारांतल्या कंदिलांकडे तुच्छतेनें पाहिलें! पण कललेला कंदील फार तर हंसूं आणतो. रायफलींत काडतूस बसण्याची जागा प्रमाणाहून अधिक राहिली, तर पितळी कवच फाटून तप्त वायु नेमबाजाच्याच तोंडाकडे उसळूं शकतो. आणि मैदानावर शेजारीं दुसरा कोणी उभा असतोच. ती जागा मोजण्याचीं मापें दुकानांत मिळतात. मोजणाऱ्याची नजर मिळत नाहीं.

मीं तयार रायफल घेतली. स्नेही किंचित् खट्टू झाले. खरें सांगावयाचें तर मीहि झालों. मैदानावरून आल्यावर ती उघडतों, पुसतों, पुन्हां मिटतों. नजर आली, तर दुसरी जोडीन.