खालची वाटी

जुन्या रॅले सायकलला तिच्या मूळ नॉटिंगहॅमच्या कारखान्यातलाच हेडसेट, म्हणजे फोर्क ज्यात फिरतो तो वाट्या, कोन आणि छऱ्यांचा संच हवा, तो मिळत नसेल तर सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली बरी, असं मी बरीच वर्षं मानत आलो. कुणी बाहेरची वाटी बसवली की मला ती सायकल बाटल्यासारखी वाटे. आता माझं मत तसं राहिलेलं नाही.

ते बदललं सायकली उघडता उघडता. हँडल मधोमध आलं की अडकतं, जरा वळवलं की सुटतं, हे दुखणं बहुतेक वेळा खालच्या वाटीत असतं. रस्त्याचे हादरे तीच झेलते. शिवाय फोर्क बहुतांश वेळ सरळच असल्यामुळे छर्रे त्याच त्या जागी घासत राहतात. सुकून बसलेलं ग्रीस रॉकेलने धुऊन वाटी बॅटरीच्या उजेडात धरली की छऱ्यागणिक एकेक खळगा दिसतो. वरची वाटी बघावी तर गुळगुळीत! आणि खालची वाटी, फोर्कवरचा कोन, दोन्ही नुसते ठोकून बसवलेले. त्यांना आट्यांशी काही देणंघेणं नाही.

आटे वरच्या कोनाला आणि लॉकनटला, खरी अडचण तिथेच. रॅलेचे इंचाला 26 आटे, इतर बहुतेक इंग्लिश सायकलींचे 24. 24चा नट एखादा फेरा जातो, मग जाम होतो. पाना लावून रेटला तर फोर्कचेच आटे जातात. बिल्ल्यावरही विसंबता येत नाही. 1957 साली बीएसएच्या सायकली रॅलेकडे आल्या, त्यामुळे नंतरच्या बीएसएलाही 26 आटे निघू शकतात.

म्हणून हल्ली वरची जोडी मी जिवापाड जपतो आणि खालची खुशाल बदलतो. माप मात्र व्हर्नियरने घेऊन: वाटी 30.2 मिलिमीटरची, कोनाचं भोक 26.4चं. जपानी 27चा कोन तिथे सैल पडतो, आणि पत्र्याची पट्टी घालून तो घट्ट करणं मला आजही पटत नाही. नवी जोडी उंचीला जास्त नको, नाहीतर लॉकनटला धरायला आटे उरत नाहीत.

खळगे उथळ असतील आणि आत छऱ्यांची जाळी असेल, तर वाटीही बदलायला नको. जाळी काढून त्याच मापाचे सुटे छर्रे भरायचे. संख्या बदलली की सगळे एकदम खळग्यांत पडत नाहीत.

फोर्कवर नवे आटे पाडायला 24ची डाय मात्र मी फिरवू देत नाही. रॅले भंगारात द्यायचीच असेल तर द्या, पण वरचा कोन आणि नट आधी काढून ठेवा. कुणाची तरी चालती सायकल त्यावाचून अडलेली असते.