आजीची सेफ्टी पिन

आम्ही रायपूरचे, तात्यापारा भागातले. माझ्या आजीच्या बांगडीला कायम दोन सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात. तुमच्याही घरी असं कोणीतरी असेलच! कंबरदुखीसाठी डॉक्टरांनी तिला एमआरआय करायला सांगितला. "अंगावर धातूचं काही नाही ना?" टेक्निशियनने तिसऱ्यांदा विचारल्यावर मी वैतागले. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, सगळं माझ्या पर्समध्ये होतं. तरी पिन निघालीच. गाऊनची नाडी सैल होती, म्हणून आजीने ती आतून टोचून ठेवली होती.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. प्रचंड चुंबक आणि रेडिओ लहरी शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनकडून चित्र मिळवतात, म्हणून मणक्यातली चकती, दबलेली नस स्पष्ट दिसते. पण मशीन शांत असलं तरी चुंबक चालूच असतं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात एका रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजन सिलिंडर घेऊन आत गेला. मशीनने सिलिंडरसकट त्याला खेचलं. तो वाचला नाही.

तेव्हा कोणी दहादा विचारलं तरी चिडू नका. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेली क्लिप असेल तर आधीच सांगा.

आजी बाहेर आली ती कान चोळतच. "किती ठोकाठोक गं आत! माझी पिन कुठंय?"