छायाचित्राखालची रिकामी जागा

आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे संपादन यंदा माझ्याकडे होते. मुखपृष्ठावर दिवे घाट चढणाऱ्या वारीचे छायाचित्र घेतले. ते माझ्याच एका माजी विद्यार्थ्याचे. मराठी घेऊन बी.ए. झाला आणि नोकरीच्या फंदात न पडता छायाचित्रणावर जगू लागला. लग्नसराईत चार पैसे हाती येतात. त्यातूनच कॅमेऱ्याचे हप्ते आणि उरलेले वर्ष. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असल्याने त्यातही घासाघीस. वारीला तो पदरमोड करून जातो.

अंक छापून आला. कवितांखाली कवींची नावे होती, मुखपृष्ठाच्या छायाचित्राला नाव नव्हते. मानधनाचा तर विषयही निघाला नव्हता. अंतिम प्रुफे मीच वाचली होती. अनुस्वार, वेलांट्या डोळ्यांत तेल घालून तपासल्या होत्या. (मराठीच्या प्राध्यापकाची नजर आणखी कुठे जाणार?)

त्याला फोन केला. “सर, हे नेहमीचंच आहे,” एवढेच तो म्हणाला. मग मी १९५७चा कॉपीराइट कायदा काढून वाचला. वेगळा करार नसेल, तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राची मालकी काढवून घेणाऱ्याची. वारीचे छायाचित्र मात्र त्याचेच. २०१२च्या दुरुस्तीनंतर हयातभर आणि पुढे ६० वर्षे, लेखकाइतकेच. म्हणजे ज्यावर पोट भरते ते त्याचे नाही, आणि जे त्याचे आहे ते आम्ही फुकट उचलले.

उरलेल्या प्रतींवर सध्या त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या डकवतो आहे. मानधनाचा अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर आहे.