पाख्याचा उतार

आमच्या भागात पाऊस दांडगा. घराचं पाखं जरा उभंच ठेवावं लागतं. उतार कमी पडला की वाऱ्यासंगं पाणी कौलांखाली शिरतं आणि भिंती ओलावतात. म्हणून घर बांधताना सुताराच्या शब्दाला मोठा मान.

मी आठवीत असताना, दिवाळी झाल्यावर, आमचं नवं घर छपरापर्यंत आलं. अक्का दहावीला गणितात राहिली होती. मार्चला पुन्हा बसायची, नाहीच निघाली तर सोयरीक बघायची, असं आण्णांनी ठरवून टाकलेलं. त्रिकोणमितीचं पान उघडलं की तिचं तोंड उतरायचं. संमुख बाजू भागिले कर्ण म्हणजे साइन, लगतची बाजू भागिले कर्ण म्हणजे कोसाइन, संमुख भागिले लगतची म्हणजे टॅन. पाठ सगळं होतं, पण कशाचं काय ते कळत नव्हतं.

सुतारमामा चौथी शिकलेले. भिंतीपासून आढ्याखालपर्यंत आडवं अंतर 8 फूट, आढं भिंतीहून 6 फूट उंच, म्हणून वासा 10 फुटी. हे त्यांना तोंडपाठ. अक्कानं वहीत ताडून पाहिलं, 64 आणि 36 मिळून 100. बरोबर होतं.

"आता हे बघ," म्हणत मामांनी भिंतीच्या माथ्यावरून आडवी दोरी ताणली, वाशावर पायथ्यापासून 5 फुटांवर खूण केली आणि तिथनं ओळंबा सोडला. दोरीपर्यंत 3 फूट भरले. पायथ्यापासून ओळंब्यापर्यंत 4.

"वासा अर्धा घेतला तर उंची बी अर्धी, रुंदी बी अर्धी. उतार त्योच, मग हिशेब बी त्योच."

अक्का बघतच राहिली. 6 भागिले 10 आणि 3 भागिले 5, दोन्ही 0.6. त्रिकोण लहान असो की मोठा, कोन तोच असला की गुणोत्तर हलत नाही. साइन 0.6, कोसाइन 0.8, टॅन 0.75. कोन सुमारे 37 अंशांचा.

खरा प्रश्न पडवीचा होता. सोसायटीचं कर्ज संपत आलेलं, उरलेली लाकडं 6 फुटी. पुरली नाहीत तर पडवी राहणार आणि म्हाताऱ्या आजीची खाट कुठं टाकायची, हा घोर आईला. पडवी 4 फूट रुंद, उतार तोच. अक्का म्हणाली, "मामा, 4 ला 0.8 नं भागायचं. 5 फूट. वर एक फूट पागोळीला."

"आगं, मग पुरतंय की!" मामांनी दोरीनं मोजून बघितलं आणि करवत घेतली.

भिंत 9 फुटांची. 6 फुटी लाकूड 3.6 फूट खाली उतरतं, म्हणून पडवीची कड 5.4 फुटांवर आली. उंच माणसाला वाकूनच आत यावं लागायचं. आजी तिथं पुढची कितीतरी वर्षं निजली.

ज्याला आपण साइन म्हणतो, त्याचं आपल्याकडचं नाव 'ज्या', म्हणजे धनुष्याची दोरी. इ.स. 499 च्या आर्यभटीयात ज्यांची मापं दिलेली आहेत. हा शब्द अरबीत गेला, तिथनं लॅटिनमध्ये चुकीच्या अर्थानं उतरला आणि साइन होऊन आपल्याच पोरांना भिववायला परत आला.

मार्चला अक्का गणितात निघाली. पुढं डी.एड. करून शिक्षिका झाली. तिच्या वर्गातल्या कपाटात खडूच्या डब्याशेजारी एक ओळंबा कायम असायचा.