माप पायाचे, दोष जोड्याचा

लग्नाला तीन आठवडे उरले होते. शालू झाला, दागिने झाले, पत्रिकाही वाटून झाल्या. राहिली होती ती एकच किरकोळ खरेदी, नवरीच्या चपलांची. लक्ष्मी रोडवरचे ते चौथे दुकान होते आणि तिथल्या मुलाने एव्हाना अकरा खोकी उघडून झाली होती.

"ताई, लेडीजमध्ये आठच्या पुढे येत नाही," तो म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारले, "जेन्ट्समध्ये दाखवू का?"

बाकावर बसलेल्या दोघी-तिघींनी वळून पाहिले. मुलीचा चेहरा लाल झाला. बँकेत दिवसभर लोकांशी धिटाईने बोलणारी ती मुलगी, पण चपलांच्या दुकानात आली की लहान होऊन जायची. तिने आठ नंबरची सोनेरी सँडल ओढून-ताणून पायात घातली. करंगळी पट्ट्याबाहेर आली, टाच मागे अर्धा बोट लोंबू लागली.

"चालेल गं आई, एका दिवसाचा तर प्रश्न आहे," ती म्हणाली.

शेजारी बसलेली आई आतापर्यंत गप्प होती. आपले पाय तिने सवयीने साडीच्या निऱ्यांखाली आणि बाकाखाली ओढून घेतले होते. मुलीचे हे वाक्य ऐकले आणि ती एकदम उठून उभी राहिली.

"काढ ती सँडल. आपल्याला नको."

मुलगी बघतच राहिली. कारण "एका दिवसाचा तर प्रश्न आहे" हे वाक्य तिने आईकडूनच शिकले होते.

एका दिवसाची तीस वर्षे

आईचे लग्न १९९० साली झाले. तेव्हाही शालू मनासारखा मिळाला होता आणि चपला मिळाल्या नव्हत्या. पाय लांबीला नऊ नंबरचा आणि चवड्याला चांगलाच रुंद. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींपैकी एक बाई हसत हसत म्हणून गेल्या होत्या, "पावलं मात्र पुरुषी आहेत हो." बोलणाऱ्या विसरून गेल्या, ऐकणारी विसरली नाही. लग्नात तिने दोन नंबर लहान सँडल घातली. नव्या घराचा उंबरठा ओलांडताना तांदळाचे माप लवंडायचे होते. अंगठा इतका ठणकत होता, की तिने पाऊल जपून, चाचरत पुढे टाकले. सगळ्यांना वाटले, सून किती लाजाळू!

पुढे ती शाळेत शिक्षिका झाली. दिवसाचे पाच-सहा तास उभ्याने शिकवायचे. पायात मिळेल ती चप्पल, नेहमी काळी, नेहमी घट्ट. सुरुवातीला कुरूप झाले, मग अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आले आणि अंगठा शेजारच्या बोटांवर कलला. घरात वापरायला ती गुपचूप पुरुषांची चप्पल आणी आणि पाहुणे आले, की कपाटामागे सरकवी. दर वर्षी घरी गौरी येत. दारापासून देवघरापर्यंत रांगोळीने लक्ष्मीची इवलीशी पावले काढताना तिच्या मनात येई, देवीला बरे आहे, तिची पावले आपणच काढतो, हवी तेवढी छोटी.

चाळिशी उलटली आणि मधुमेह निघाला. मधुमेह जुना होत गेला, की अनेकांच्या पायांतल्या नसा दुबळ्या होतात आणि दुखणे जाणवेनासे होते. आईला वाटले, चला, चपला चावायच्या थांबल्या! खरे म्हणजे चपला चावतच होत्या, फक्त कळत नव्हते. २०१९ च्या पावसाळ्यात एक दिवस पायमोजाला रक्त दिसले. करंगळीच्या बाजूला जखम झाली होती आणि ती किती दिवसांची होती, हे तिला सांगता येईना. तीन महिने ड्रेसिंग चालले. एका टप्प्यावर डॉक्टरांनी करंगळी काढावी लागेल का, याची चर्चाही घरच्यांशी केली. सुदैवाने ती वेळ आली नाही.

जखम भरल्यावर डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली. कोरा कागद जमिनीवर ठेवला, आईला त्यावर उभे केले आणि पेन्सिलीने पावलाची रेघ काढली. मग तिचीच चप्पल त्या रेघेवर ठेवली. दोन्ही बाजूंनी पाऊल चपलेच्या बाहेर डोकावत होते.

"बाई, तुम्ही शाळेत गणित शिकवता ना?" डॉक्टर म्हणाले. "मग सांगा, यातले चूक काय आहे? पाय की चप्पल?"

आईच्या डोळ्यांत पाणी आले. एवढ्या वर्षांत हा प्रश्न असा कुणी विचारलाच नव्हता.

नंबर आला कुठून?

दुकानात आपण "सात द्या", "आठ दाखवा" म्हणतो, तो नंबर मुळात इंग्रजांचा. जवाच्या दाण्याची लांबी, म्हणजे इंचाचा तिसरा भाग, हे त्याचे परिमाण. एका नंबरने जोडा साधारण साडेआठ मिलिमीटरने लांब होतो. पण हा नंबर फक्त लांबी सांगतो. रुंदी सांगायला इंग्लंड-अमेरिकेत वेगळी अक्षरे वापरतात. एकाच लांबीचा जोडा तिथे अरुंद, मध्यम, रुंद असा मागता येतो. आपल्याकडे नंबर आला, अक्षरे मात्र फारशी आलीच नाहीत. शिवाय ज्या साच्यावर, म्हणजे फर्म्यावर, जोडा ओढून बेततात, ते फर्मेही बहुतेक परदेशी पावलांच्या घडणीचे.

आपली पावले वेगळी आहेत का, हे पाहायला मोठी मोजणी अलीकडे झाली. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांची पावले यंत्राने मोजली. भारतीयांची पावले युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असल्याचे त्यात दिसून आले. रुंदीत बसत नाही म्हणून लोक लांबीला मोठा जोडा घेतात, मग तो सैल होतो म्हणून नाडी करकचून आवळतात, हेही पुढे आले. या मोजणीवरून भारतीय पावलांसाठी 'भा' नावाची नवी मापनपद्धती सुचवण्यात आली. २०२४ साली ही बातमी वर्तमानपत्रांत आली, तेव्हा आईने ते कात्रण कापून देवघराशेजारच्या डबीत ठेवले. लाखभर लोकांत आपल्यासारखे कितीतरी असतील, या विचारानेच तिला हलके वाटले.

आणि रुंद पावलांनी माणूस कुठवर जाऊ शकतो? पश्चिम बंगालमधल्या जलपाईगुडीची स्वप्ना बर्मन हिच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटे. साध्या बुटांत तिची पावले मावत नसत, धावताना-उड्या मारताना वेदना होत. त्याच पावलांनी तिने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हेप्टॅथलॉन या सात प्रकारांच्या खडतर स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. तिच्या मापाचे खास बूट झाले ते त्यानंतर!

आजीला कधी प्रश्न पडला नाही

गंमत अशी, की ही पावले आईला मिळाली होती तिच्या आईकडून. आजी कोल्हापूरजवळच्या एका खेड्यात राहायची. तिची पावलेही अशीच लांब-रुंद, पण चप्पल मिळत नाही अशी तक्रार तिने जन्मात केली नाही. कारण तिची चप्पल दुकानात वाट पाहत नसायची. कारागीर तिचे पाऊल पाहून ती करायचा. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ठीक, पण चप्पल पाहून पाय आखडायचे ही वेळ तिच्यावर आलीच नाही.

दुकानातून बाहेर पडल्यावर रसवंतीगृहात बसून मायलेकी हेच बोलत होत्या. मुलगी म्हणाली, "आई, आपण कोल्हापूरलाच जाऊ या का?"

पुढच्या रविवारी दोघी गेल्या. एका बोळातल्या छोट्या दुकानात एक वयस्क कारागीर रापीने कातडे कापत बसले होते. मुलीने चाचरतच विचारले, "काका, माझा पाय जरा मोठा आहे. होईल का?"

"पाय हाय न्हवं? मग हुईल की," ते म्हणाले आणि त्यांनी कागद पुढे सरकवला. दोन्ही पावलांची रेघ काढली, चवड्याभोवती टेप फिरवली, अंगठ्याची जाडी पाहिली. डावे पाऊल उजव्यापेक्षा थोडे मोठे आहे, हे मुलीला सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच कळले. "बऱ्याच जणांचं असतं तसं," काका म्हणाले. ना हसू, ना शेरा. त्यांच्या दृष्टीने ते फक्त एक माप होते.

खऱ्या कोल्हापुरीला खिळा लागत नाही, ती चामड्याच्या वादीने शिवतात. महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांतल्या या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. आठ-दहा दिवसांत जरीच्या पट्ट्याची चप्पल तयार झाली. "सुरुवातीला कडक लागंल. थोडं तेल लावा, घरात चार दिवस घालून फिरा आन् पाण्यापासून जपा," असे काकांनी बजावले.

आईने स्वतःसाठी मात्र कोल्हापुरी घेतली नाही. संवेदना कमी झालेल्या पायांनी अंगठ्याची कडक चप्पल घालू नये, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मधुमेहींसाठी पादत्राणे करणाऱ्या कारागिराकडून ती आता पुढे ऐसपैस, आत मऊ गादी आणि मागे पट्टा असलेली सँडल करून घेते. "एवढे पैसे चपलेला?" असे पहिल्यांदा तिच्या तोंडून निघालेच. पण ड्रेसिंगच्या तीन महिन्यांचा हिशेब गणिताच्या बाईंनी मनात मांडला आणि त्या गप्प बसल्या. लग्नासाठी तिने नवी सँडल सांगितली, तेव्हा कारागिराने सवयीने विचारले, "काळीच ना?" आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "नाही. या वेळी मरून करा."

एवढे तरी करावे

सगळ्यांनाच चपला करून घेणे जमेल असे नाही. पण विकत घेतानाही काही गोष्टी सांभाळता येतात. खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. माप उभे राहून, दोन्ही पायांचे घ्यावे आणि मोठ्या पायाप्रमाणे जोडा घ्यावा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. "वापरून सैल होईल" या आश्वासनावर विसंबू नये. घरी पावलाची रेघ काढलेला कागद सोबत न्यावा आणि जोडा त्यावर ठेवून पाहावा. बाळंतपणानंतर आणि वय वाढते तसे पाऊल मोठे होऊ शकते, म्हणून वीस वर्षांपूर्वीचा नंबर धरून बसू नये. मुलांचे पाय तर दर तीन-चार महिन्यांनी पाहावेत. मधुमेह असेल, तर रोज रात्री तळपाय आणि बोटांमधल्या जागा नीट तपासाव्यात.

आणि वाढत्या वयाच्या मुलीच्या पावलांवरून थट्टा तेवढी करू नये. जोड्याने केलेली जखम औषधाने भरते, पण अशा शब्दांची जखम भरायला कधी कधी तीस वर्षे लागतात.

लग्न थाटात झाले. सासरच्या उंबरठ्यावर तांदळाचे माप ठेवले होते. नव्या सुनेने कोल्हापुरी काढून बाजूला ठेवली आणि कुठे न चाचरता, भक्कम पाऊल टाकून माप ओलांडले. तांदूळ लांबपर्यंत सांडले.

"शुभ आहे हो," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "भरल्या पावलांनी आली सून."

मुलीची पाठवणी करून आई तिकडे कार्यालयाच्या दारात बसली होती. दमलेले पाय तिने खुशाल पुढे पसरले होते. मरून सँडल सगळ्यांना दिसत होती.