व्हिडिओंतील एक चित्र

चलचित्र म्हणजे स्थिर चित्रांची माळ, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. परंतु व्हिडिओच्या फाइलींत प्रत्येक चित्र समग्र सांठविलेलें नसतें. जागा वांचावी म्हणून मधूनमधून एखादेंच पूर्ण ठेवितात. इतरांत बहुधा काय बदललें तेवढेंच नोंदवितात.

गेल्या वर्षीं आमच्या एका विद्यार्थिनीचे आजोबा वारले. घरीं त्यांचें धड छायाचित्र नव्हतें. मावशीच्या लग्नाच्या जुन्या डीव्हीडींत मात्र ते सहा सेकंद दिसत. सेकंदास 25 या हिशेबानें तीं 150 चित्रें झालीं. आम्हीं ती संगणकावर व्हीएलसी नामक विनामूल्य प्रोग्रॅमांत लाविली. तेथें ई हें अक्षर दाबिलें असतां एकेक चित्र पुढें सरकतें, व शिफ्टसह एस दाबिल्यास समोरचें चित्र फाइलरूपानें उतरतें. पडद्याचाच मोबाइलनें फोटो काढण्याची जी चाल पडली आहे, ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं. तींत चकाकी आणि तिरपेपणा आयता मिळतो. चित्र पीएनजी स्वरूपांत ठेवावें, म्हणजे आणखी कस जात नाहीं.

माणूस हालला कीं चित्र पुसट होतें, आणि आजोबा तर सारखे हातवारे करणारे! नवे प्रोग्रॅम पुसट चेहरा रेखीव करून देतात खरे. पण तो चेहरा अंशतः त्यांच्या कल्पनेचा असतो. तो आम्हांस नको होता. एके ठिकाणीं, पेला खालीं ठेवितांना, आजोबा क्षणभर थांबले होते. 720 गुणिले 576 बिंदूंचें तें चित्र पोस्टकार्डाहून मोठें छापण्याजोगें नव्हतें.

आजींनीं तें पाहिलें, आणि चष्मा पुसून पुन्हां मागितलें.